सेन्सर बदलला, दोष राहिला

गॅरेजच्या दारात गाडी लावून उतरणारी माणसं गाडीचं दुखणं सांगताना ठरलेली चार-पाच वाक्यं बोलतात. ‘पिकअपच राहिला नाही.’ ‘मधेच झटका मारते.’ ‘सिग्नलला आली की बंद पडते.’ ‘रेस आपोआप वरखाली होते.’ ‘ॲव्हरेज पडलंय.’ यातलं कुठलंही वाक्य कानावर आलं की पूर्वीचा मिस्त्री कार्बोरेटर खोलायला घ्यायचा. आताचा मिस्त्री स्कॅनर लावतो, पडद्यावरचा कोड वाचतो आणि सांगतो, ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ सेन्सर येतो, बसतो, बिल होतं. गाडी आठ-पंधरा दिवस गुमान चालते आणि पुन्हा झटके द्यायला लागते.

या फेऱ्यात हमखास सापडणारा एक भाग म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर, गॅरेजच्या बोलीत ‘टीपीएस’. मुठीत मावेल एवढा, काळ्या प्लास्टिकचा, दोन स्क्रूंवर बसवलेला आणि तीन तारांचा. त्याचं काम समजायला सोपं आहे आणि चाचणी साध्या मीटरनेही होते. तरीही तो न तपासता बदलला जातो. असं का होतं हे पाहायला पुण्यात नाना पेठेच्या स्पेअर पार्टच्या बाजारापासून जवळच्या एका जुन्या गॅरेजमध्ये जाऊन बसलो. गॅरेजचे मालक साठी ओलांडलेले. आजूबाजूचे दुकानदार, पोरं, गिऱ्हाइकं, सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामांनी उमेदवारी केली ती फियाट आणि ॲम्बेसेडरवर. आता त्यांच्या टेबलावर लॅपटॉप असतो आणि तो चालवायला आयटीआय झालेला एक तरुण.

एका सकाळी एक शिक्षिका त्यांची २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक घेऊन आल्या. मागच्या सीटवर पिशवी होती. त्यात जुने प्लग, जुना फ्युएल फिल्टर आणि जुना टीपीएस. दुसरीकडे बदलून झालेल्या भागांची ती जंत्री होती. मामांनी पिशवी बघून मान डोलावली. ‘जुना माल परत मागून घेतलात, बरं केलंत. आता सांगा, झटका कधी मारते?’

‘चाळीस-पन्नासच्या स्पीडला. पाय अलगद ठेवलेला असला की.’

‘चढावर?’

‘चढावर कमी. सपाट रस्त्यावर जास्त. आणि पाऊस पडून गेला की हमखास.’

मामांनी बॉनेट उघडलं नाही. किल्ली मागितली आणि शिक्षिकेला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. पोरगा मागे लॅपटॉप घेऊन बसला.

पाय सोडतो ती हवा

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की आपण पेट्रोल सोडतो, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात आपण हवा सोडतो. इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवर एक गोल चकतीची झडप असते. पेडल दाबलं की ती चकती फिरते, वाट मोकळी होते आणि इंजिन जास्त हवा ओढतं. त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल फवारायचं काम इंजेक्टर करतात आणि किती फवारायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळायचं असतं.

पंचाईत होते ती पाय एकदम दाबल्यावर. चकती झटक्यात उघडते, हवा लगेच आत धावते आणि पेट्रोल मागे राहतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन क्षणभर अडखळतं. कार्बोरेटरमध्ये यावर उपाय म्हणून एक छोटा पंप असायचा. पेडल दाबलं की तो पेट्रोलची एक जादा चिळकांडी मारायचा. इंजेक्शनच्या गाडीत ती जादा चिळकांडी ईसीएमला स्वतः मोजून द्यावी लागते, आणि त्यासाठी चकती किती उघडली आणि किती वेगाने उघडली हे कळावं लागतं. ही खबर टीपीएस देतो.

जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब आठवा. आत काळी कार्बनची पट्टी, तिच्यावरून घसरणारा धातूचा पाय. केबलच्या थ्रॉटलवरचा टीपीएस अगदी तसाच. पट्टीच्या एका टोकाला ईसीएमकडून आलेले ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ आणि घसरत्या पायाला तिसरी तार. चकती बंद असताना तिसऱ्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास. गाडीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण ० आणि ५ ही दोन टोकं मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर सिग्नल त्या टोकांना जाऊन टेकतो, आणि ईसीएमला कळतं की हा पायाचा हुकूम नव्हे, बिघाड आहे.

या एका सिग्नलवर ईसीएमचे बरेच निर्णय अवलंबून असतात. पाय पूर्ण उचललाय आणि गाडी उतारावर वेगात आहे असं दिसलं की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. चकती बंद असूनही सिग्नल थोडा वर राहिला तर ही बचत होत नाही आणि ॲव्हरेज पडतं. पेडल शेवटपर्यंत दाबलंय असं दिसलं की पुष्कळ गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर थोडा वेळ सुटतो, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळावी. सिग्नल खोटा वर गेला तर एसी विनाकारण बंद पडतो आणि गॅस भरून घेतला जातो. ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा तेही बऱ्याच अंशी याच सिग्नलवर ठरतं.

सगळ्यात बुचकळ्यात पाडणारा प्रकार सुरू करतानाचा. इंजिनात पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले झाले तर ते सुकवायची एक सोय बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत असते. पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीएम पेट्रोल बंद ठेवतो आणि नुसती हवा फिरवतो. आता टीपीएस खोटंच ‘पेडल पूर्ण दाबलंय’ असं सांगत असेल, तर धडधाकट गाडी सेल्फ मारमारूनही सुरू होत नाही. पेट्रोल पंप बदलला जातो, प्लग बदलले जातात आणि खोट्या सिग्नलचा विचार सर्वांत शेवटी येतो.

कानाकडून मीटरकडे

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर आलं ते १९६७ मध्ये, फोक्सवॅगन १६०० या गाडीवर बसवलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिक यंत्रणेतून. त्यातही चकतीच्या दांड्यावर एक स्विच होता. पाय दाबला जातोय हे तो संगणकाला कळवायचा. आपल्याकडे ही यंत्रणा घरोघरच्या गाड्यांत पोचायला आणखी तीस वर्षं लागली. १९८३ ची मारुती ८०० कार्बोरेटरवर आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनीही कार्बोरेटरवरच. १९९८ मध्ये आलेल्या सॅन्ट्रोसारख्या गाड्यांनी एमपीएफआय, म्हणजे मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन, हा शब्द जाहिरातीत आणला. खरी कलाटणी मात्र न्यायालयातून मिळाली. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात नोंदल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २००० पासून युरो-२ चे प्रदूषणाचे निकष लावले. पाठोपाठ मुंबईसारखी महानगरं आली. त्या निकषांत कार्बोरेटरचा निभाव लागणं कठीण होतं, आणि पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन हाच रिवाज झाला.

मिस्त्र्यांसाठी हा बदल सोपा नव्हता. कार्बोरेटरचा दोष दिसायचा, ऐकू यायचा, हाताला लागायचा. जेट चोंदलं की फुंकून साफ व्हायचं. तारेतून जाणारे अडीच व्होल्ट दिसत नाहीत आणि त्यांचा आवाजही येत नाही. मामा सांगतात, ‘पहिली दोन-तीन वर्षं आम्ही घाबरूनच होतो. कपलर काढायला हात धजत नव्हता. मग एका टीव्ही रिपेअरवाल्याकडून मीटर वापरायला शिकलो. त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि मला करंटमधलं. दोघांचं भागलं.’

पुढे गाडीने आपला दोष आपणच सांगावा अशी सक्ती झाली. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ लागू झालं. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये आला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर खोचला की साठवलेले कोड दिसतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीही इंजेक्शनवर गेल्या आणि टीपीएस चौकातल्या दुचाकीवाल्या मिस्त्र्याच्याही वाट्याला आला.

कोड काय सांगतो, काय नाही

टीपीएसचे कोड पी०१२० पासून पी०१२४ पर्यंत. त्यातले रोज भेटणारे तीन. पी०१२२ म्हणजे सिग्नल असायला हवा त्याहून खाली. पी०१२३ म्हणजे वर. पी०१२१ जरा चतुर: सिग्नल हद्दीत आहे, पण बाकीच्या सेन्सरांशी त्याचा मेळ बसत नाही. चकती अर्धी उघडी असल्याचं टीपीएस सांगतोय आणि आत येणारी हवा मात्र आयडलएवढीच आहे, तर ईसीएम त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

यांतला एकही कोड ‘सेन्सर खराब आहे’ असं म्हणत नाही. ईसीएमला दिसतो तो फक्त त्याच्या पिनवर आलेला व्होल्टेज. तो कमी असेल तर दोष सेन्सरमध्ये असेल, कपलरमध्ये असेल, मीटरभर तारेत कुठेही असेल किंवा क्वचित खुद्द ईसीएममध्ये. कोड सर्किटचं नाव सांगतो. त्या सर्किटमधला नेमका दोषी शोधायचं काम माणसाचं.

आणि ते शोधायला तर्क पुरतो. मामांच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूने तीन रेघा ओढलेल्या आहेत: ५ व्होल्ट, सिग्नल, अर्थ. नवीन पोरगा आला की त्याला पहिला प्रश्न हाच: यातली कुठली तार तुटली तर काय होईल? ५ व्होल्टची तुटली तर सिग्नल शून्यावर पडतो, पी०१२२. अर्थची तुटली तर पट्टीतून जाणारा करंट थांबतो, सिग्नल ५ च्या जवळ चढतो आणि पी०१२३ येतो. सिग्नलची तुटली तर ईसीएमच्या आतल्या रचनेप्रमाणे वर किंवा खाली. हे समजलेला मिस्त्री कोड बघूनच अर्धं काम उरकतो.

यात आणखी एक खोच आहे. ५ व्होल्टची तार बऱ्याच गाड्यांत एकट्या टीपीएसची नसते. त्याच स्रोतावर हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, कधी एसीच्या दाबाचाही. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात आणि कोडांची रांग लागते. अशा वेळी रांगेतला प्रत्येक सेन्सर बदलायचा नसतो. मीटर ५ व्होल्टच्या तारेवर ठेवून एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर व्होल्टेज परत उसळी मारेल, तो गुन्हेगार.

बॉनेट उघडल्यावर

शिक्षिकेच्या गाडीत पी०१२२ होता. कोडसोबत ईसीएम त्या क्षणाची स्थितीही साठवतो: वेग ४६, चौथा गिअर, इंजिन गरम. रस्त्यावर असताना लॅपटॉपवर थ्रॉटलचा आलेख सरळ चालला होता आणि मधेच क्षणार्धात तळाला जाऊन परत येत होता. नेमका त्याच वेळी झटका. एवढं बघून मामा परत आले.

आता बॉनेट उघडलं. इंजिन बंद, इग्निशन चालू. मामांनी कपलर काढला नाही. त्याच्या पाठीमागच्या रबरी सीलच्या कडेने, तारेला लागून, एक बारीक पिन आत सरकवली आणि मीटरची लाल दांडी तिला लावली. तारेचं आवरण टोचून करंट बघायची सवय वाईट, ते बजावतात. टोचलेल्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि सहा महिन्यांनी तिथून तांबं सडतं. मग पोराने पेडल हळूहळू दाबलं. ०.६ पासून सुरू झालेला आकडा न अडखळता ४.२ पर्यंत गेला आणि तसाच खाली आला. अर्थची तार आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमधला फरक ०.१ व्होल्टच्या आत. मामा म्हणाले, ‘सेन्सर चांगला. आधीचाही चांगलाच असणार.’ पिशवीतला जुना सेन्सर लावून बघितला. तोही तसाच स्वच्छ चालला.

उभ्या गाडीत दोष नाही, चालत्या गाडीत आहे. म्हणजे चालताना हलणारं काहीतरी. थ्रॉटल बॉडी इंजिनावर असते, ईसीएम बॉडीवर. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, बॉडी डोलत नाही. दोघांमधून जाणाऱ्या तारांच्या गुच्छाला हे हेलकावे रोज सोसावे लागतात. मामांनी मीटर तसाच ठेवला आणि गुच्छ कपलरपासून पाठीमागे वीत-वीत पुढे जात हलक्या हाताने वाकवायला सुरुवात केली. बॅटरीच्या तळाशी पोचल्यावर आकडा ०.६ वरून शून्य झाला. सोडलं, परत ०.६. पुन्हा वाकवलं, शून्य.

तिथे काळी टेप होती. कंपनीची नव्हे, कुणीतरी नंतर गुंडाळलेली. उलगडल्यावर कथा समोर आली. केव्हातरी उंदराने तार कुरतडली होती. कुणीतरी दोन्ही टोकं पिळून जोडून वर टेप लावली होती आणि गुच्छ प्लास्टिकच्या पट्टीने बॅटरीच्या पायाला करकचून बांधला होता. टेपखाली पाणी साचून तांब्यावर हिरवी भुकटी चढली होती. पंधरा-वीस बारीक धाग्यांपैकी तीन-चारच अजून धरून होते. हीच ५ व्होल्टची तार. कोडने सांगितलेलं आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघांनी सांगितलेलं जुळलं.

मग आधीचा सेन्सर बदलल्यावर गाडी पंधरा दिवस चांगली कशी चालली? मामांचं उत्तर साधं होतं. सेन्सर बदलताना कपलर ओढला जातो, तारा हलतात, सुटत आलेले धागे पुन्हा एकमेकांना टेकतात. गाडी सुधारते आणि श्रेय नव्या सेन्सरला जातं. मिस्त्रीही खोटं बोलत नसतो. त्याने सेन्सर बदलला आणि गाडी सुधारली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पुढच्या वेळी तसाच कोड आला की तो आणखी खात्रीने सेन्सर बदलतो.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. सडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापला, त्याच जाडीची नवी तार सोल्डर केली, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून आवळली, आणि गुच्छाला इंजिनाच्या हेलकाव्याएवढी ढील ठेवून नवीन क्लिपमध्ये बसवला. साहित्याचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

खरोखर गेलेला सेन्सर

टीपीएस खराब होतच नाही असं अर्थातच नाही. मामांच्या खणात खरोखर मेलेल्या सेन्सरांचा एक डबा आहे. त्यातला एक त्यांनी पात्याने उघडून दाखवला. आत अर्धवर्तुळाकार काळी पट्टी आणि तिच्यावर टेकलेल्या बारीक, लवचीक धातूच्या पट्ट्या. उजेडात तिरपी धरली तर काळ्या पट्टीवर एक फिकट रेघ दिसते. रेघ सुरुवातीच्या पाव भागात ठळक, पुढे पुसट आणि शेवटी नाहीच. शहरात चालणारी गाडी आयुष्याचा बराचसा वेळ याच पाव भागात काढते: सिग्नल, हाफ क्लच, तिसऱ्या गिअरमधली रखडपट्टी. पेडल शेवटपर्यंत दाबायची वेळ घाटात किंवा हायवेवरच्या ओव्हरटेकलाच येते. सेन्सर झिजतो तो जिथे पाय राहतो तिथे.

अशा झिजलेल्या जागी धातूचा पाय क्षणभर अधांतरी होतो आणि सिग्नल तुटतो. तो क्षण इतका छोटा की डिजिटल मीटरच्या आकड्यात उमटतही नाही, कारण असा मीटर सेकंदाला मोजकेच आकडे दाखवतो. मामा अशा वेळी काट्याचा जुना मीटर काढतात. पेडल अगदी सावकाश दाबत जायचं. काटा सरळ चढत असताना मधे कुठे थरथरला किंवा मागे सरकून पुन्हा पुढे आला, की पट्टी तिथे झिजलेली. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे त्यांना हाच दोष खाली जाणाऱ्या टोकदार रेघेसारखा स्वच्छ दिसतो. सेन्सर गार असताना नीट आणि तापल्यावर बिघडणारा असेल तर केसांच्या ड्रायरने तापवून पुन्हा तीच चाचणी घ्यायची.

मेलेला सेन्सर बदलतानाही दोन गोष्टी राहून जातात. जुन्या काही गाड्यांत सेन्सरची स्क्रूची भोकं लांबट असतात. म्हणजे तो थोडा फिरवून, चकती बंद असतानाचा व्होल्टेज मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणायचा असतो. नुसता आवळून टाकला तर नवा सेन्सरही पहिल्या दिवसापासून खोटं बोलतो. दुसरं म्हणजे काजळी. इंजिनातली तेलकट वाफ हवेच्या वाटेत परत येते आणि चकतीच्या कडेला काळा थर धरतो. चकती नीट मिटत नाही, आयडल बिघडतं आणि आळ सेन्सरवर येतो. थ्रॉटल बॉडी साफ करताना क्लीनर फडक्यावर घ्यावा. थेट फवारा सेन्सरच्या बाजूला मारला तर पातळ क्लीनर आत झिरपतो. आणि साफ केल्यावर ईसीएमला आयडल पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर स्वच्छ गाडीची रेस आधीपेक्षा वर राहते.

केबल गेली, दोन सेन्सर आले

नव्या गाड्यांत पेडल आणि चकती यांच्यामध्ये केबलच नाही. पेडलपाशी सेन्सर, चकतीला मोटर आणि मोटरच्या झाकणात पुन्हा सेन्सर. एकाचं चुकलं तर गाडी बेफाम व्हायची, म्हणून दोन्ही ठिकाणी सिग्नल दोन-दोन. पुष्कळ गाड्यांत चकतीचा एक सिग्नल चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज कायम ५ व्होल्टच्या आसपास राहते. बेरीज चुकली की पी२१३५. ईसीएम मोटरचा करंट तोडतो, स्प्रिंग चकतीला किंचित उघड्या जागी आणून ठेवते आणि गाडी रांगत का होईना घरी पोचते. घासून झिजणाऱ्या कार्बनच्या पट्टीऐवजी आता बऱ्याच ठिकाणी चुंबकावर चालणारा सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो बेतलेला आहे. त्यात काही घासत नाही, त्यामुळे काही झिजत नाही.

इथे मिस्त्र्याचा हात आखडतो. सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते आणि किंमत हजारांत जाते. इग्निशन चालू असताना चकतीत बोट घालणं धोक्याचं, कारण मोटरला जोर असतो. पण किंमत वाढली म्हणून तर तपासणी आणखी गरजेची होते. तार सडायची ती इथेही सडते, कपलरमध्ये पाणी शिरायचं ते इथेही शिरतं.

निदान किती खोल जाऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून २००९-१० मध्ये तिथे गदारोळ उठला. मॅटमध्ये अडकणारं पेडल आणि चिकटून राहणारं पेडल या दोन कारणांसाठी कंपनीने लाखो गाड्या परत बोलावल्या. तरी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवरचा संशय हटेना, तेव्हा तिथल्या परिवहन खात्याने नासाच्या अभियंत्यांना बोलावलं. त्यांनी सॉफ्टवेअरच्या २ लाख ८० हजारांहून जास्त ओळी तपासल्या, गाड्यांवर विद्युतचुंबकीय लहरींचा मारा केला. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की, बेलगाम वेगवाढ घडवेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. मात्र बिघडलेला एक पेडल सेन्सर त्यांनी उघडला, तेव्हा कथलाच्या मुलाम्यातून उगवलेला, केसाहून बारीक तंतू दोन सिग्नलांना एकमेकांशी जोडताना आढळला. वाद तिथे मिटला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात थ्रॉटलच्या सॉफ्टवेअरवर तज्ज्ञाची साक्ष झाली आणि ज्यूरीने कंपनीविरुद्ध कौल दिला. तो तंतू मात्र सापडला, कारण बिघडलेला भाग फेकला गेला नव्हता. कुणीतरी तो खोलून पाहिला होता.

डोक्याचे पैसे

मग आपल्याकडे तपासणी का होत नाही? मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, डोक्याचे देत नाही. मी दोन तास तार शोधली आणि शंभर रुपयांची दुरुस्ती केली, तर हजार रुपये कसे मागू? तेच अडीच हजारांचा सेन्सर लावला तर कुणी चकार शब्द काढत नाही. पार्टवर कमिशन आहे, शोधण्यावर नाही.’

यात मिस्त्र्याची लबाडी फार थोडी आहे. बिलाची पद्धतच अशी आहे की चुकीचा सेन्सर लावणाऱ्याला नफा होतो आणि बरोबर तार शोधणारा तोट्यात जातो. मोठ्या वर्कशॉपांत तर कामाला ठरावीक मिनिटं असतात. सेन्सर बदलण्याची मिनिटं ठरलेली, गुच्छ वीत-वीत वाकवून बघण्याची ठरलेली नाहीत. त्यात भर माहितीच्या टंचाईची. कुठल्या रंगाची तार कुठल्या पिनला जाते हे सांगणारा वायरिंगचा नकाशा रस्त्यावरच्या गॅरेजला सहजी मिळत नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. दिशा बरोबर आहे. पण नकाशा हातात आला तरी तो वाचायला लागणारा वेळ कुणीतरी मोजायला हवा, आणि तो मोजायची तयारी गिऱ्हाइकाच्या बाजूने लागते.

तयारी म्हणजे फार काही नाही. झटका कधी, कुठे, गार की गरम, पावसानंतर की उन्हात, हे आधी लक्षात ठेवून सांगावं. शिक्षिकेच्या ‘पाऊस पडून गेला की हमखास’ या एका वाक्याने मामांचं लक्ष तारांकडे गेलं होतं. कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून घ्यावा, बॅटरीची तार सोडून ‘रिसेट’ करायला देऊ नये, कारण त्यात साठवलेला पुरावाही पुसला जातो. सेन्सर बदलायचा ठरला तर किती व्होल्ट आले ते विचारावं. आकडा सांगणाऱ्याने मीटर लावलेला असतो. जुना भाग परत मागून घ्यावा. आणि गाडी सोडतानाच स्पष्ट म्हणावं, ‘आधी शोधा, शोधण्याचे वेगळे लावा.’

मामांनी गेल्या वर्षापासून बिलावर ‘तपासणी’ अशी ओळ लिहायला सुरुवात केली आहे. पहिले काही महिने लोकांनी त्यावरून हुज्जत घातली, काही जण दुसऱ्या गॅरेजला गेले. शिक्षिकेच्या बिलावर तारेचे आणि स्लीव्हचे मिळून नव्वद रुपये होते आणि तपासणीचे सातशे. त्यांनी बिल दोनदा वाचलं आणि पैसे दिले. आधीच्या गॅरेजांत त्यांचे याच्या कितीतरी पट गेले होते, आणि त्या बिलांवर ही ओळ कुठेच नव्हती.